काप नेमका कुठून घ्यायचा? परळच्या सुरीपासून लेझरपर्यंत

आजचा एपिसोड सुरीवर आहे. मायक्रोस्कोपचा इतिहास निघाला की सगळे भिंगांबद्दल बोलतात. माझं म्हणणं असं, की त्यातला अर्धा इतिहास सुरीचा आहे. मायक्रोस्कोप कितीही भारी असू दे, त्याच्याखाली जो काप ठेवाल तेवढंच तो दाखवणार. शेजारच्या जागेचा काप घेतला, तर आजार तिथेच राहतो आणि रिपोर्ट म्हणतो, ‘काही नाही.’

आपण रेकॉर्ड करतो ठाकूरद्वारला. इथून परळ काही फार लांब नाही, आणि आपली गोष्ट तिथलीच आहे. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या पॅथॉलॉजीची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सांभाळली. १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्यांच्या हाताखाली घडलेल्या डॉ. सत्यवती शिरसाट लंडनला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी शिकून आल्या आणि परळला तिची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

१९६६ मध्ये शिरसाट आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी मिळून एका आजारावर निबंध लिहिला : ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. गालाच्या आतला भाग पांढरट, कडक होत जातो आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. काहींच्या बाबतीत पुढे कॅन्सर होतो. त्यांनी केलेली या आजाराची व्याख्या आजही जगभर वापरली जाते. आणि आजाराचं मुख्य कारण? आपल्या नाक्यानाक्यावर मिळणारी सुपारी.

आता कापण्याची गंमत बघा. साध्या मायक्रोस्कोपला चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप चालतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला मात्र साधारण ८० नॅनोमीटरचा लागतो. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत हजारेक काप! स्टीलची सुरी इथे हात टेकते. १९५० मध्ये लॅटा आणि हार्टमन यांनी फोडलेल्या काचेची धार वापरून दाखवली. त्याच दशकात व्हेनेझुएलाच्या फर्नांडेझ-मोरान यांनी हिऱ्याची सुरी आणली. आपल्या ऑपेरा हाउसला ज्या हिऱ्यांचा बाजार भरायचा, त्याच हिऱ्याची ही वेगळी नोकरी!

पण धार मिळाली तरी जागेचा प्रश्न उरतोच. एक मिलिमीटरचा तुकडा असा कापत गेलात, तर बारा हजारांहून जास्त काप पडतील. सगळे बघणार कोण? म्हणून आधी एक मायक्रॉनचा जाडसर काप घेऊन रंगवायचा, साध्या मायक्रोस्कोपखाली जागा हेरायची आणि मग तेवढाच भाग तासून पातळ काप घ्यायचे. हे काम चिकाटीचं. थोडं जास्त तासलं, की हवी ती जागा गेली.

इथे लेझर मदतीला येतो. १९८५ मध्ये जेरार्ड मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांनी अतिशय छोटे आणि जोरदार लेझर स्पंद बनवायची युक्ती काढली. त्याबद्दल २०१८ चं नोबेल त्यांना मिळालं. हे स्पंद फेम्टोसेकंदांत मोजतात. एका सेकंदापुढे एक फेम्टोसेकंद म्हणजे सव्वातीन कोटी वर्षांपुढे जवळपास एक सेकंद. स्पंद इतका झटपट संपतो, की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत तेवढंच द्रव्य उडून जातं. शेजारचा भाग फारसा भाजत नाही. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये जी. रवींद्र कुमार यांचा गट अशाच लेझरांवर काम करतो, पण तिथला विषय प्लाझ्मा.

कापण्यासाठी हे तंत्र असं वापरतात. समजा चिपच्या पोटात खोलवर एक दोष आहे. एक्स-रे स्कॅनने तो शोधायचा, लेझरने तिथपर्यंत झटपट खणत जायचं, आणि शेवटचा नाजूक थर आयनांच्या झोताने तासायचा. सगळं खोदकाम आयनांनीच केलं, तर कित्येक पट वेळ जातो.

शरीराच्या ऊतींसाठी तर आणखी सुंदर युक्ती आहे. २०११ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी मेंदूच्या ऊतीत, हव्या त्या पेशीच्या धाग्याभोवती, फेम्टोसेकंद लेझरने एक बारीक चौकट डागली. ती चौकट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीही दिसते. म्हणजे आधी पत्ता लिहायचा आणि मग सुरी चालवायची.

मला या इतिहासातून एवढंच दिसतं : काच, हिरा, प्रकाश, धार बदलत गेली, प्रश्न मात्र ‘नेमकं कुठे?’ हाच राहिला. आणि त्याचं पहिलं उत्तर लेझर देत नाही. ते रुग्णाच्या बोटापासून सुरू होतं, ‘डॉक्टर, इथे चुरचुरतंय’ असं सांगण्यापासून. २००४ मध्ये जागतिक पातळीवर सुपारीला तंबाखूशिवायही कॅन्सरकारक ठरवलं गेलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुड्या दिसतातच ना?

तेव्हा सुपारी खात असाल, तर आज आरशासमोर तोंड पूर्ण उघडा. आपलीच तीन बोटं उभी आत जात नसतील किंवा तिखट लागून आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जा आणि जागा बोट ठेवून दाखवा. भेटू पुढच्या भागात!