कॉर्लिओनेचे शेतकरी

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटावर, पालेर्मो शहरापासून आत डोंगराकडे, कॉर्लिओने म्हणून एक गाव आहे. गाव शेतकऱ्यांचे, पण जगभर नाव झाले ते एका सिनेमामुळे. मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या कादंबरीवरून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९७२ साली 'द गॉडफादर' हा चित्रपट काढला. त्यातल्या गुन्हेगार घराण्याचे आडनावच मुळी कॉर्लिओने.

चित्रपट उत्तम आहे, त्यात वाद नाही. आरंभीच एक गृहस्थ म्हाताऱ्या डॉनकडे येतो. मुलीला मारहाण झाली, कोर्टाने गुन्हेगार मोकळे सोडले, आता न्याय तुम्हीच द्या, म्हणतो. पाहणाऱ्यालाही वाटू लागते की, सरकार करीत नाही ते हा करतो, मग बिघडले कुठे? पुढे डॉनचा मुलगा मायकेल सिसिलीत लपायला जातो. गावात पुरुष कसे दिसत नाहीत, असे विचारतो. आपसांतल्या सुडापायी मेले, असे त्याला सांगतात.

आता खऱ्या गावाची हकीकत ऐका. तिथले बडे जमीनदार शहरात राहात आणि जमिनी मक्त्याने देत. मक्तेदार त्या कुळांना वाट्याने लावी आणि बंदूकवाल्या राखणदारांच्या धाकावर वसूल घेई. माफियाचे एक मूळ या मक्त्यात आहे. म्हणजे डॉन गरिबाचा कैवारी कुठला, तो तर वसुलीचा माणूस!

१८९३ साली बेर्नार्दिनो वेर्रो यांनी इथल्या कुळांचा संप उभारला आणि निम्मे पीक कुळाला मिळावे असा करार करून घेतला. गंमत अशी की, संपाला संरक्षण मिळेल या आशेने ते स्वतः काही काळ त्या गुप्त टोळीत शिरले होते. लवकरच उमगले, आणि पुढे ते तिचे वैरी झाले. लोकांनी त्यांना १९१४ साली नगराध्यक्ष केले. १९१५ साली भर रस्त्यात त्यांना गोळ्या घातल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लाचिदो रिझोत्तो हा तरुण पुढे आला. पडीक जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणून त्याने माणसे गोळा केली. १० मार्च १९४८ रोजी संध्याकाळी त्याला पळवून नेले, ते कायमचेच. खटला झाला, पुराव्याअभावी आरोपी सुटले.

सिनेमात यांपैकी कुणी नाही.

२००९ साली गावाजवळच्या डोंगरातल्या कपारीत काही हाडे सापडली. वडिलांचे थडगे उकरून त्यांच्या अस्थींशी ती ताडून पाहिली, तेव्हा ओळख पटली. २४ मे २०१२ रोजी, चौसष्ट वर्षांनी, रिझोत्तोचा अंत्यविधी कॉर्लिओनेत सरकारी इतमामाने झाला. इटलीचे राष्ट्राध्यक्ष स्वतः हजर होते.