बलुत्यापासून इसारापर्यंत : खान्देशातील लग्नकामाची माणसे

खान्देशात लग्नासाठी कामाची माणसे शोधण्याची वेळ पूर्वी फारशी येत नसे. तापी, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यांतल्या गावांत ही कामे बलुतेदारांत पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली असत. मडकी कुंभाराची, पाट-चौरंग सुताराचे, पायघड्या परिटाच्या, मशाल आणि निरोप न्हाव्याचे, वाजंत्री मांग, होलार किंवा गुरवाची, मुहूर्त गावजोशाचा. मोबदला मुख्यतः खळ्यावरच्या धान्यात मिळे. लग्नाच्या दिवशी त्यात शिधा, खण-नारळ आणि ज्याचा त्याचा मान यांची भर पडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे आणि तिच्यातल्या कुरबुरींचेही बारकाईने वर्णन आहे.

या माणसांवरचा विश्वास त्यांच्या सचोटीची पारख करून बसलेला नव्हता. दोन्ही बाजूंना एकमेकांपासून सुटका नव्हती, एवढाच त्याचा पाया. न्हाव्याने लग्नात दगा दिला तर पुढच्या सुगीत त्याचे बलुते अडे. कुणब्याने न्हाव्याला डावलले तर वर्षभर दाढीला कोणी मिळत नसे. ही हमी पक्की होती, पण तिची किंमत बहुतेक वेळा खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी मोजली. वाजवायचे नाही, लाकडे फोडायची नाहीत, असे म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. शिवाय काम वाईट झाले तरी माणूस बदलता येत नसे.

माणूस बदलण्याचा हा प्रश्न कोर्टात गेला तो जोशाच्या निमित्ताने. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीवाचून लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा गावोगावच्या वतनदार जोशांनी हक्क बुडाल्याचे दावे लावले. यजमानाने विधी दुसऱ्याकडून करून घेतला तरी वतनदाराला दक्षिणेची भरपाई मागता येते, असा पवित्रा मुंबई इलाख्यातल्या अनेक दाव्यांत घेतला गेला. म्हणजे नको असलेल्या माणसाचे पैसे द्यायचे आणि हव्या त्या माणसाचेही. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात हा विषय लावून धरला आणि १९२६ च्या कायद्याने न केलेल्या विधीची दक्षिणा मागण्याचा हक्क संपला. आपल्या लग्नाला आपल्या पसंतीचा माणूस बोलवावा, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टीला कायद्याचा आधार मिळायला इतका काळ लागला. महार वतनासारखी कनिष्ठ वतने पुढे १९५८ च्या कायद्याने गेली. धर्मांतरानंतर अनेक गावांतल्या बौद्धांनी वाजंत्री आणि इतर वेठीची कामे स्वतःहून सोडली.

तोवर गावाबाहेरचा माणूस पैशाने आणण्याची चाल रुळली होती. कापसाच्या व्यापाराने जळगाव आणि धुळे वाढले. १९०० साली चाळीसगाव–धुळे रेल्वे सुरू झाली, तर १९०६ मध्ये जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पितळी वाद्यांचे बँड, भाड्याचा मंडप, गॅसबत्त्या, घोडीवाले ही शहरातली मंडळी खेड्यातल्या लग्नांत शिरली. त्यांना बांधून ठेवायला बलुते नव्हते. होता तो इसार. थोडी रक्कम आगाऊ द्यायची आणि तारीख पक्की करायची. मात्र खान्देशातली लगनसराई उन्हाळ्यात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे एकवटते आणि दाट तिथीला एकाच दिवशी शेजारच्या गावांत लग्ने असतात. त्या दिवशी बँडवाल्याने दोन इसार घेतलेले असले की एका मांडवात वरात खोळंबते. कधी नावाजलेल्या पार्टीचा गणवेश चढवून भलतीच पोरे येतात. इसार परत मिळतो, पण व्याह्यांपुढे गेलेली अब्रू परत मिळत नाही. म्हणून लोक इसारापेक्षा ओळखीवर जास्त विसंबले. मावसभावाच्या लग्नात ज्याने नीट वाजवले, त्यालाच सांगावे. घोटाळा झालाच, तर ज्याने नाव सुचवले त्यालाही जाब विचारता येतो.

आचाऱ्याचे प्रकरण याहून नाजूक. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी हे इथले लग्नाचे जेवण पुष्कळ गावांत भाऊबंदच रांधत. मोठी पातेली आणि कढया गावकीच्या किंवा समाजाच्या असत. पंगती वाढल्या, पक्वान्ने आली आणि पगारी आचारी अपरिहार्य झाला. किराण्याची यादी तोच देणार आणि सामानही तोच वापरणार, हीच खरी अडचण. तूप आणि सुका मेवा यादीत फुगतात व रात्री मागल्या दाराने जातात, हा संशय प्रत्येक यजमानाला असतो. निम्म्या वेळा तो अकारणच असतो. त्यावर खान्देशाने काढलेला उपाय सोपा आहे : कोठीच्या किल्ल्या घरातल्या एखाद्या करड्या काका-मामाकडे द्यायच्या आणि जिन्नस मोजून काढायचा. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुधाच्या पदार्थांवर नजर ठेवणे हेही त्याच्याच वाट्याला येते.

दागिन्यांच्या बाबतीत विश्वास लवकर संस्थेकडे सरकला. पूर्वी सोनाराला घरी बसवून डोळ्यांदेखत दागिने घडवून घेत. जळगावात १८५४ पासून चालत आलेल्या राजमल लखीचंद यांच्यासारख्या पेढ्यांनी नावालाच शुद्धतेची हमी बनवले आणि बस्त्याइतकीच जळगावची सोनेखरेदीही ठरलेली झाली. हॉलमार्क २००० साली आला आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला.

इतर कामांत कागद उशिरा आला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने न आलेल्या बँडविरुद्ध किंवा फसवणाऱ्या मंडपवाल्याविरुद्ध जिल्हा मंचाकडे जाण्याची वाट मोकळी केली. पण इसाराची पावतीच नसते, तिथे तक्रार लंगडी पडते. अन्नसुरक्षा कायद्यानुसार २०११ पासून केटररला नोंदणी किंवा परवाना लागतो. मोसमापुरते काम करणाऱ्या गावच्या आचाऱ्यापर्यंत ही सक्ती पोचणे अवघड आहे. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांच्या बाबतीत तर धोका सर्वांत मोठा. मुली मिळत नाहीत म्हणून एजंटाला पैसे द्यायचे आणि लग्नानंतर काही दिवसांत नवरी दागिन्यांसह नाहीशी व्हायची, असे गुन्हे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत नोंदले गेले आहेत. विवाह मंडळांच्या नोंदणीसाठी राज्याने १९९८ मध्ये कायदा केला, पण हे एजंट मंडळ म्हणून कुठे नोंदलेलेच नसतात.

दुसऱ्या बाजूने पारख यजमानाचीही होऊ लागली आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असे लग्न लावणाऱ्याला किंवा त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरवला. त्यामुळे काही मंगल कार्यालये आणि भटजी तारीख देण्याआधी वधूवरांच्या वयाचा दाखला मागतात.