जुन्या पिकअपचे ब्रेक आणि ‘आधीच का नाही?’ हा प्रश्न

जुन्या अमेरिकन पिकअपना डिस्क ब्रेक बसवणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: मूळचे ब्रेक भंगारच होते. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा मलाही असंच वाटायचं. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं. मग शेवरोलेच्या अर्ध्या टनाच्या पिकअपला पुढे डिस्क सरसकट मिळायला १९७१ का उजाडावं? सत्तर वर्षं ही मंडळी झोपली होती की काय?

हा प्रश्नच चुकीचा आहे, हे मला ब्रेकपेक्षा हबमुळे कळलं.

१९४७ ते १९५५ या काळातली शेवरोले ३१०० घ्या. चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याखाली. १९५१ पासून तिला बेंडिक्स ब्रेक आले. त्यात फिरता ड्रम एका शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू दुसऱ्याला ढकलतो. म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला दाबतो. पायाचा जोर कमी पुरतो, बूस्टर लागत नाही. याला भंगार कसं म्हणायचं?

खरी अडचण उष्णतेची. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो, पेडल खोल जातं. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्याच दिशेने सरकते. शिवाय ती उघड्यावर, वाऱ्यात असते. आता हिशोब करा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ७० ऐवजी १०० किलोमीटरवरून थांबायचं तर ब्रेकला दुप्पट उष्णता पचवावी लागते. पण या ट्रकचं इंजिन बहुतेक वर्षं सुमारे ९० अश्वशक्तीचं आणि मागच्या आसाचं गुणोत्तर ४.११. ही रचना ओझं ओढण्यासाठी, पळण्यासाठी नव्हे. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा मोठा कायदा झाला १९५६ मध्ये, म्हणजे हे मॉडेल बंद झाल्यावर. आपल्या काळच्या वेगाला ते ड्रम पुरत होते.

आता डिस्क बसवायला घेऊ. पुढचा जुना हब बॉल बेअरिंगवर फिरतो. बदलताना बहुतेक जण निमुळते रोलर बेअरिंग घालतात, कारण वळणावरचा बाजूचा दाब ते जास्त चांगला पेलतात. इथवर सोपं आहे. पण मूळ चाकाला सहा बोल्ट, आणि १९७१ च्या सी-१० च्या हबला पाच! तो हब पुढे लावला तर मागची चाकं सहाचीच राहतात आणि दोन स्टेपन्या बाळगाव्या लागतात. मग मागचा आस बदलायचा? बहुतेक ३१०० चा शाफ्ट बंद नळीत असतो आणि ती नळी थेट गिअरबॉक्सला जोडलेली. म्हणजे आस गेला की गिअरबॉक्सलाही हात लागतो. डिस्कला स्वतःची ओढ नाही, म्हणून बूस्टर हवा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती तशीच ठेवली तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत, घासत राहतात. (सहा बोल्टची डिस्क घेणारे निदान गिअरबॉक्सपासून वाचतात.)

तर ‘डिस्क’ असा सुटा भाग इतिहासात कधी येतच नाही. तो हब, बेअरिंग, बूस्टर आणि रस्ता घेऊन येतो. पेटंटची तारीख धरून ‘उशीर’ मोजणं म्हणूनच फसवं.

एका गोष्टीची मात्र मी बाजू घेणार नाही. ३१०० मध्ये चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच वाट आहे. एक नळी फुटली की पेडल जमिनीला आणि ट्रक मोकळा. दोन स्वतंत्र वाटांचा मास्टर सिलिंडर शेवरोलेच्या पिकअपला १९६७ मध्ये मिळाला. असा ट्रक आज रहदारीत चालवायचा असेल तर डिस्कच्या आधी मी हे बदलीन, मूळपण गेलं तरी चालेल. आणि जुना ड्रम उघडताना आतली धूळ हवेने उडवू नका. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा.

अभ्यासासाठी असा ट्रक किंवा त्याचा फोटो समोर आला तर मी आधी पुढच्या चाकाचे बोल्ट मोजतो. पाच निघाले तर हब मूळचा नाही, आणि त्या गाडीवरून १९५० च्या ब्रेकबद्दल मी एक ओळही लिहीत नाही.