सीडर पूल : मूळ प्रत कोणती?

अमेरिकेतील आयोवा राज्यात, विंटरसेट गावाच्या उत्तरेस, सीडर क्रीक नावाचा ओढा झाडीतून वाहतो. त्यावरील छप्पर असलेला लाकडी पूल बेंटन जोन्स याने १८८३ साली बांधला. लांबी अवघी ७६ फूट. छपराचे कारण मुळीच रम्य नाही, हिशेबी आहे. तळाची जाड लाकडे महाग, भिंती-छपराच्या फळ्या त्यामानाने स्वस्त. स्वस्त लाकूड पावसात झिजू द्यावे आणि महाग वाचवावे, एवढेच. पुढे रॉबर्ट जेम्स वॉलर याच्या ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ (१९९२) या कादंबरीच्या मुखपृष्ठावर हा पूल आला आणि वाचक यात्रेकरूंसारखे येथे येऊ लागले.

२००२ साली तो जाळपोळीत गेला. २००४ मध्ये जुन्या पुलाबरहुकूम दुसरा उभा राहिला; एप्रिल २०१७ मध्ये तोही जाळण्यात आला. २०१९ मध्ये तिसरा झाला. म्हणजे २०१७ साली लोक हळहळले ते तेरा वर्षांच्या नकलेसाठी! ती हळहळ खोटी म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. १८८३ च्या सुतारांच्या हत्यारांच्या खुणा गेल्या त्या गेल्याच. अभ्यासकाचे ते नुकसान भरून येणारे नाही. परंतु ज्ञानदेवांच्या काळची प्रत आपल्यापाशी तरी कोठे आहे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाशी वारकऱ्यांचे नाते तेवढ्याने उणे ठरत नाही. आणि मूळ म्हणावा तो पूलही १९२१ साली पहिल्या जागेवरून हलवून येथे आणलेला होता.