तेरा महिन्यांची धास्ती

श्रोतेहो, राज्य बुडते तेव्हा राजाने काय केले ते इतिहासात मिळते; पण वेशीआतल्या माणसाची झोप कशी उडाली, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. आज त्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत.

औरंगाबादहून जालन्याला जाणाऱ्या रस्त्यावरची मुकुंदवाडी आता छत्रपती संभाजीनगर शहरात सामावून गेली आहे. 1947 साली हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 15 ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील व्हायचे नाकारले. 29 नोव्हेंबरला एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तो कागदावरच राहिला. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. कित्येक कुटुंबे उभे घर टाकून मुंबई प्रांतात नि वऱ्हाडात गेली.

धास्ती एकाच घरी होती असे मात्र नाही. राज्य गेले तर आपले कसे होणार, हा घोर साध्या मुसलमान माणसालाही होता. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालवली, आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला.

अशा वेळी अफवेला पाय फुटतात. फ्रान्सात 1789 च्या जुलैमध्ये हूल उठली, की लुटारू उभी पिके कापायला येताहेत. लुटारू काही आले नाहीत. पण हत्यारे घेऊन जमलेले शेतकरी मग जमीनदारांच्या गढ्यांवर गेले आणि त्यांची दप्तरे जाळली. भ्यालेला माणूस हातात हत्यार घेतो. ते कोणावर पडेल याचा नेम नसतो.

आपल्याकडे तेच झाले. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 15 तारखेला औरंगाबाद हाती आले, 17 तारखेला निजामाने शरणागती दिली. 1724 पासूनची आसफजाही सत्ता पाच दिवसांत संपली. भीती मात्र संपली नाही. तिने फक्त घर बदलले. रझाकारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे फार पोळले. तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला. 2013 साली तो लोकांना पाहता आला. स्वतःचा जीव धोक्यात घालून शेजाऱ्याला वाचवणारे हिंदूही होते, हे त्याच अहवालात नमूद आहे.

मग समाज कोसळला का? नाही. 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला, 1952 मध्ये लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ बसले. कसणाऱ्याला आपले म्हणणे मांडायला कायद्याची जागा मिळाली, तेव्हा भीती हळूहळू ओसरली.

शिक्षकबंधुभगिनींनो, दर 17 सप्टेंबरला आपण मुक्तिदिनाचा झेंडा लावतो. त्या दिवशी मुलांना लढ्याची गोष्ट अवश्य सांगा. त्याबरोबर सरहद्द ओलांडून गेलेल्यांची, शोएबुल्लांची आणि सप्टेंबरनंतर मेलेल्यांचीही सांगा. ती माणसेही याच मातीतली होती.