मृत्यू, शोक आणि ख्रिस्ती श्रद्धेचा दिलासा

श्रीवर्धन – तालुक्याच्या दक्षिण टोकाला, बागमांडल्याच्या जेटीवर उभे राहिले की सावित्रीच्या खाडीपलीकडे बाणकोट दिसते. तेथे एका इंग्रज स्त्रीचे आणि तिच्या तान्ह्या मुलीचे थडगे आहे. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी आर्थर मॅलेट यांची ती पत्नी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खाडीच्या मुखाशी होडी बुडून मायलेकींना जलसमाधी मिळाली. महाबळेश्वरच्या ज्या कड्याला आज ‘आर्थर सीट’ म्हणतात, तेथे बसून मॅलेट तासन्‌तास सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहत असत, अशी आख्यायिका आहे. कड्यावर छायाचित्रे काढणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना या दुःखाची माहिती असते.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही या किनाऱ्याला स्थान आहे. स्कॉटिश मिशनचे काम १८२३ साली बाणकोट येथे सुरू झाले आणि पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी मरण पावले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते जॉन विल्सन १८२९ साली मराठी शिकण्यासाठी हर्णैला राहिले होते. पुढे मराठी ख्रिस्ती काव्याचे अध्वर्यू ठरलेले नारायण वामन टिळक यांचा जन्म याच दापोली परिसरातील करजगावचा. श्रद्धा असली म्हणून मृत्यू टळत नाही, हे या किनाऱ्याने आरंभापासून पाहिले आहे. मग श्रद्धेचा दिलासा म्हणजे नेमके काय?

अश्रूंना मज्जाव नाही

‘देवाची इच्छा’ म्हणून शोक गिळून टाकावा, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण असल्याचा एक समज आहे. बायबल वाचल्यास तो टिकत नाही. मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे. थोड्याच वेळात आपण लाजरला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला, हा त्यातील लक्षणीय भाग. वधस्तंभावर येशूने मारलेली हाक ही बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात असून, ती देवाने टाकून दिल्याची तक्रार आहे. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे अशी गाऱ्हाण्याची आहेत. म्हणजेच देवाकडे तक्रार करणे हाही येथे प्रार्थनेचाच एक प्रकार ठरतो.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल शोक करू नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नका, असे सांगतो. ही आशा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आधारलेली आहे. त्यामुळे गुड फ्रायडे आणि ईस्टर ही जोडी शोकाच्या प्रत्येक प्रसंगी मनात असते. मात्र त्या दोहोंमध्ये एक शनिवारही येतो. त्या दिवशी काहीच घडत नाही. केवळ थांबायचे असते. शोकाकुल माणसाचा बराचसा काळ या शनिवारासारखाच असतो.

विधींचा आधार

रायगडच्या किनाऱ्यावर कॅथलिक वस्तीचे सर्वांत ठळक गाव म्हणजे मुरूड तालुक्यातील कोर्लई. श्रीवर्धनहून दिघी-आगरदांडा फेरीबोटीने तेथे जाता येते. चौल-रेवदंड्याची पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली, तरी पोर्तुगीजपासून बनलेली बोली कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत टिकून राहिली. रायगड जिल्हा कॅथलिक चर्चच्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो.

कॅथलिक परंपरेत धर्मगुरू आजाऱ्याच्या कपाळाला व हातांना आशीर्वादित तेल लावून प्रार्थना करतात. पूर्वी हा संस्कार अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) तो गंभीर आजारातील सर्वांसाठी, बळ व शांती मिळावी म्हणून दिला जातो. मृत्यूनंतर प्रार्थना, मिस्सा आणि दफन होते. दहनालाही कॅथलिक चर्चने १९६३ पासून अनुमती दिली आहे. सातव्या दिवशी, महिन्याने व वर्षाने मिस्सा अर्पण करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे मठाधिपती ओडिलो यांच्यापासून तो रूढ झाल्याचे मानले जाते. या दिवशी थडगी स्वच्छ करून फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात.

प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. मृताबद्दल देवाचे आभार मानणे आणि मागे राहिलेल्यांसाठी बळ मागणे, यावर त्यांचा भर असतो. भेद असले तरी दोन्हीकडे सूत्र एकच आहे. दुःख झालेल्या घराला एकटे सोडायचे नाही.

टिळक दाम्पत्य

मराठीत या दिलाशाला भाषा दिली ती टिळकांनी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. पाच वर्षांनंतर, १९०० साली, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या दाम्पत्याने अपत्यवियोगही सोसला होता. अभंगाच्या चालीत ख्रिस्ताला आळवणाऱ्या टिळकांच्या पदांमुळे मराठी ख्रिस्ती माणूस परक्या शब्दांत नव्हे, तर आपल्या मायबोलीत रडू शकला. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्यांचे औपचारिक शिक्षण जवळपास झालेच नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय रचून ते पुरे करण्याचे काम अंगावर घेतले. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्रही वैधव्याच्या काळातलेच. त्यात मृत्यू जागोजागी येतो, पण विनोदबुद्धी सुटत नाही आणि दुःखावर मुलामाही चढत नाही. गेलेल्या माणसाचे अपुरे काम हाती घेणे, हा त्यांच्या श्रद्धेने शोकाला दिलेला मार्ग होता.

पंडिता रमाबाई

रमाबाईंच्या वाट्याला आलेल्या मृत्यूंची यादी मोठी आहे. १८७० च्या दशकात आई, वडील व थोरली बहीण. १८८० साली भाऊ. १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही बायबलच्या सुबोध मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काम पूर्णत्वास गेले होते.

सांत्वनाला जाताना

ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी दुःखद प्रसंग घडल्यास अन्य धर्मीयांनी चर्चमधील प्रार्थनेस व दफनविधीस जाण्यास हरकत नसते. फुले नेता येतात आणि थडग्यात मूठभर मातीही देता येते. मिस्सातील कम्युनियन मात्र कॅथलिकांपुरते असते. त्या वेळी जागेवर बसून राहावे.

काय बोलावे, याचे उत्तर बायबलमधील ईयोबाच्या कथेत सापडते. मुलेबाळे गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसून राहिले. तोवर ते चांगले सोबती होते. पुढे त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे सांगायला सुरुवात केली आणि अखेर देवाने त्यांनाच दोष दिला. तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे मात्र देवाने योग्य ठरवले. दुःखाचे स्पष्टीकरण देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ही कथा लक्षात ठेवावी. जवळ बसणे पुष्कळदा पुरेसे असते.