काळ्या मातीवरील कमानपाटे

परभणी जिल्ह्यातील वाहनांचा इतिहास लिहावयाचा, तर त्याचा आरंभ वाहनापासून न करता भूमीपासूनच करावा लागतो. बसाल्टाच्या झिजेतून निर्माण झालेली येथील काळी मृत्तिका पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर अंथरलेला मुरूम या आकुंचन-प्रसरणाबरोबर वर्षानुवर्षे हालत राहतो, आणि म्हणूनच जो रस्ता पौषात सपाट भासला त्यावरच भाद्रपदात चाके तुंब्यापर्यंत रुततात. गाडी कोठे घडली हा प्रश्न या मुलखात नेहमीच दुय्यम राहिला. ती या मातीला कोणी जुळवून दिली, हा खरा प्रश्न.

सडका होण्यापूर्वी येथील धान्य आणि मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून फिरत असे. हैदराबाद संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या कारकिर्दीत १८६५ साली जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी झाली, अव्वल तालुकदारांचे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचे दौरे सुरू झाले, आणि शतकाच्या अखेरीस मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग परभणीवरून गेला, तेव्हा सेलू-मानवतकडचा कापूस स्टेशनापर्यंत पोहोचविण्याचे ओझे बैलगाडीवर आले. या गाडीला कमान नव्हती. सुताराने साट्याच्या जोडांत जाणून राखलेली किंचित ढिलाई, हीच तिची लवचीकता. आणि लोहाराने गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढविलेली, पाणी ओतताच आवळली जाणारी धाव, हीच तिची शाश्वती. पोलादी कमानपाटे (लीफ स्प्रिंगा) दिसत ते उतारूंच्या टांग्यांना.

निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली सत्तावीस गाड्यांनिशी आपली मोटार-वाहतूक सुरू केली, आणि पुढे जसजशा बस आणि मालमोटारी या मुलखात वाढल्या, तसतसे मोडके पाटे गावोगावच्या लोहारांच्या भात्यापाशी येऊ लागले. हा प्रकार मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण विळा, कोयता, कुऱ्हाड आणि वखराची पास यांसाठी याहून सरस पोलाद खेड्यातील कारागिराला कोठेच मिळत नव्हते; आणि ज्याने बलुत्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडविले, त्याला या नव्या धातूचा स्वभाव कोणत्याही पुस्तकावाचून कळत गेला. तो तापविल्याने त्याचे पाणी उतरते, ते पुन्हा कसे द्यावयाचे, कितपत दिले असता पाते ठिसूळ होऊन तुटते, हे ज्ञान त्याच्या हातात होते. त्यामुळे पुढे भाराने बसलेला पाटा घेऊन गाडीवाला त्याच्याकडे आला, तेव्हा तो भट्टीत न घालता थंडच ठेवून, घणाच्या मोजक्या घावांनी त्याला पुन्हा कमान द्यावयाची, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर महिंद्रांची जीप आली. तिच्या चारही चाकांवर पाटेच असल्याने वाड्याच्या अंगणात तिचे काम करणे शक्य होते: चौकटीखाली सागवानी ठोकळे द्यावेत, चाक उतरवावे, यू-बोल्ट सैल करून आस मोकळा करावा आणि शॅकलमधून पाट्यांचा जुडगा बाहेर काढावा. जिंतूरच्या अजिंठा रांगेतील चढावरून दाटीवाटीने उतारू नेणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत एखादा जादा पाटा घालण्याची रीत पडली ती याच सुलभतेमुळे. ही रीत मला सर्वस्वी मान्य नाही. पाट्यांची लांबी क्रमाने उतरती असते ती भार वाटला जावा म्हणून, आणि पाट्यापाट्यांतील घर्षण काही अंशी कंप शमविते. या रचनेत वाटेल तो पाटा खुपसला की गाडीची पाठ उंच राहते खरी, पण खड्ड्याचा घाव चौकटीवर आणि आतल्या माणसांच्या मणक्यांवर जातो. चांगला लोहार अशा वेळी जादा पाटा नाकारून मूळच्याच पाट्यांना कमान देण्याचा आग्रह धरी.

१९८३ च्या अखेरीस मारुती आली आणि अंगणातील हे कसब अडले. तिच्या पुढील चाकांवर शॉकअपभोवती दाबून बसविलेली गुंडाळी स्प्रिंग असते. ती शिकंज्यात धरल्याविना वरचा नट सोडला, तर साठलेली शक्ती हात मोडू शकते. हे काम म्हणून गॅरेजकडे गेले आणि घरी उरले ते किरकोळ. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकविण्याचे रबरी बफर आता कोणीही विकत आणून बसवितो, कारण गाडीचे पोट उंचवट्याला घासू नये एवढीच त्याची निकड असते. पण तो बफर एक वेढा निकामी करून उरलेली स्प्रिंग कडक करतो, म्हणजे जादा पाट्याचाच तो दोष नव्या रूपाने परत येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी-दाखल्याशी विसंगत फेरफारास मनाई करते, याचेही भान राखावे.

ज्यांना आजही आपल्या जीपचे पाटे आपल्या हाताने बदलावयाचे आहेत, त्यांनी जुन्या हातांचा एक नियम मात्र अवश्य पाळावा. रबरी बुशांचे नट गाडी ठोकळ्यांवर अधांतरी असताना अखेरचे आवळू नयेत. चाके जमिनीला लागून पाट्यांवर पूर्ण भार आल्यानंतरच आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि काळ्या मातीच्या पहिल्याच हंगामात फाटते.